नवा कॉम्प्युटर सारखा क्रॅश होतोय? पुन्हा फॉरमॅट मारण्याआधी हे तपास

प्रश्न थोडक्यात असा आहे. घणसोलीत राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलानं स्वतः कॉम्प्युटर जोडला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि मधल्या श्रेणीतलं ग्राफिक्स कार्ड. पहिल्या दिवसापासून विंडोज ११ कोसळतंय. कधी ब्लू स्क्रीन येते आणि तिच्यावर दर वेळी वेगळा कोड असतो. त्या कोडची यादी त्यानं पाठवली आहे. कधी काहीच न दाखवता मशीन सरळ रिस्टार्ट होतं. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मार. ते दोनदा करून झालं, फरक शून्य. आता तो विचारतोय, तिसऱ्यांदा विंडोज टाकू की ग्राफिक्स कार्ड बदलून मागू?

सध्या दोन्ही नको. तू लिहिलेल्या एका वाक्यात अर्धं उत्तर आहे: कोड दर वेळी वेगळा येतो. 'मेमरी मॅनेजमेंट', 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', 'कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर' अशी नावं आलटून पालटून दिसत असतील, तर त्यातल्या प्रत्येक नावाचा वेगवेगळा इलाज शोधत बसू नकोस. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) किंवा दुसरं सॉफ्टवेअर बिघडलेलं असतं तेव्हा मशीन साधारण एकाच जागी, एकाच नावानं पडतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. विमानतळ असो वा बँक, सगळीकडे दोषी ड्रायव्हर तोच होता. रॅममधला एखादा बिट चुकतो तेव्हा उलट होतं. त्या क्षणी त्या जागेवर जे बसलेलं असेल ते मरतं. आज ग्राफिक्सचा ड्रायव्हर, उद्या ब्राउझर, परवा विंडोजचा गाभा. त्यामुळे नव्या मशीनवर कोड भटकत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर किंवा रॅमच्या सेटिंगवर जातो, आणि बहुतेक वेळा तो तिथेच खरा ठरतो.

फॉरमॅटनं फरक का पडला नाही, हेही यातूनच कळेल. विंडोज टाकताना प्रत्येक फाइल पेन ड्राइव्हवरून रॅममध्ये येते, तिथे उलगडली जाते आणि मग एसएसडीवर लिहिली जाते. रॅम चुकत असेल तर फाइल एसएसडीवर उतरतानाच बिघडलेली उतरते. म्हणजे तू दोनदा टाकलेलं विंडोज कदाचित जन्मापासूनच खराब आहे. विंडोज पुन्हा टाकावं लागेलच, पण सगळ्यात शेवटी, रॅम निर्दोष ठरल्यावर. आणि तोवर कॉलेजचं काही काम या मशीनवर करू नकोस. याच कारणानं तुझे प्रोजेक्ट रिपोर्टही गुपचूप बिघडू शकतात, आणि ते सबमिशनच्या आदल्या रात्री कळतं.

आता क्रॅशचे दोन प्रकार वेगळे कर. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' टॅबखाली 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' आहे. तिथली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ची खूण काढ, म्हणजे ब्लू स्क्रीन वाचता येईल एवढा वेळ थांबेल. (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ती स्क्रीन काळी दिसते, अर्थ तोच.) मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघड. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद हमखास सापडेल, आणि ती पाहून बरेच जण दुसऱ्या दिवशी एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कामाची गोष्ट तिच्या 'डिटेल्स' मध्ये आहे: 'बगचेककोड' समोर शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली, मशीन जागीच गोठलं किंवा हार्डवेअरनं रिसेट झालं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर तो खरा ब्लू स्क्रीनचा क्रॅश. आठवडाभराच्या नोंदी एका कागदावर उतरव: तारीख, वेळ, कोणता प्रकार, तेव्हा काय चालू होतं. हा कागद पुढे दुकानातही कामी येईल.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जा आणि 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' कर. यानं एक्स्पो बंद होईल. इथे थोडं थांबून समजून घे, कारण क्रॅश होणाऱ्या नव्या मशीनचं दुखणं बहुतेक वेळा याच जागी असतं.

रॅमच्या डब्यावर ६००० लिहिलेलं असतं. पण एएमडीनं रायझन ७६०० साठी दिलेली अधिकृत मर्यादा दोन स्टिकना ५२०० आहे, आणि चार स्टिक लावल्या तर फक्त ३६००. म्हणजे ६००० हा वेग ओव्हरक्लॉकच आहे. एक्स्पो हे एएमडीनं २०२२ मध्ये डीडीआर५ सोबत आणलेलं तयार सेटिंग. इंटेलकडे तेच काम एक्सएमपी करतं. ते चालू केलं की स्टिकचा वेग आणि व्होल्टेज एका झटक्यात वाढतं. बहुतेक मशीनवर ते चालतं म्हणून सगळे बेधडक चालू करतात. पण प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, मदरबोर्ड आणि स्टिक या तिघांचं जमलं पाहिजे, आणि एखाद्या जोडीचं ६००० ला जमत नाही. यात कुणी फसवलेलं असतं असंही नाही. शिवाय डीडीआर५ मध्ये 'ऑन-डाय ईसीसी' असतं म्हणून चुका आपोआप दुरुस्त होतात असं दुकानात सांगितलं जातं. ती दुरुस्ती चिपच्या आतल्या आत होते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडतं, त्याला तिचा काही उपयोग नाही.

डिफॉल्ट्स लोड केल्यावर पहिल्यांदा मशीन चालू करशील तेव्हा काही मिनिटं स्क्रीन काळी राहील आणि मदरबोर्डवरचा 'डीरॅम' चा दिवा जळत राहील. घाबरून बटण दाबू नकोस. मेमरी ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड प्रत्येक स्टिकसाठी वेळेचं गणित बसवत असतो. मध्येच बंद केलंस तर पुन्हा पहिल्यापासून. बायोसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' नावाचं सेटिंग असेल तर तपासणीपुरतं तेही बंद ठेव. ते जुनं गणित साठवून बूट लवकर करतं, पण ते गणितच कच्चं असेल तर तीच चूक रोज पुढे जाते.

डिफॉल्टवर दोन-तीन दिवस मशीन नीट चाललं तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे आणि प्रश्न वेगाचा आहे. मग बोर्डाचं बायोस अद्ययावत कर. एएम५ च्या, म्हणजे तुझ्या प्रोसेसरच्या सॉकेटच्या बोर्डांच्या, सुरुवातीच्या बायोसमध्ये मेमरी जुळण्याच्या बऱ्याच तक्रारी होत्या आणि पुढच्या आवृत्त्यांत त्या कमी होत गेल्या. फाइल फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर घे आणि बायोसच्या स्वतःच्या मेनूतून अपडेट कर. क्रॅश होणाऱ्या विंडोजमधून बायोस फ्लॅश करणं म्हणजे बोर्ड हातचा घालवणं. नंतर एक्स्पो चालू करून बघ, आणि तरीही पडलं तर वेग हातानं ५६०० वर आण. ६००० आणि ५६०० मधला फरक तुला रोजच्या वापरात जाणवणार नाही. क्रॅश मात्र रोज जाणवतात.

डिफॉल्टवरही पडत असेल तर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लागेल. मेमटेस्ट८६प्लस फुकट आहे, सहाव्या आवृत्तीपासून तो नव्या बोर्डांवर सरळ चालतो. पेन ड्राइव्हवर टाक, त्यावरून बूट कर आणि रात्रभर चालू दे. ३२ जीबीला वेळ लागतोच. निदान चार फेऱ्या पूर्ण झाल्या पाहिजेत. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिकही आहे, पण ते 'काही आढळलं नाही' म्हणालं म्हणून मी आजवर कुठलीही रॅम निर्दोष धरलेली नाही. मेमटेस्टमध्ये एक जरी लाल ओळ, म्हणजे चूक, आली तरी रॅम नापास. 'लाखात एकच चूक आहे, चालेल' असं रॅमच्या बाबतीत नसतं.

लाल ओळ आली की दोन्ही स्टिक काढ आणि एकेक तपास. प्रोसेसरकडून मोजून दुसरा स्लॉट, ज्याला बोर्डावर 'ए२' लिहिलेलं असतं, त्यात आधी पहिली स्टिक, मग दुसरी. एकच स्टिक चुकली तर तीच खराब. दोन्ही एकेकट्या पास झाल्या पण जोडीनं नापास झाल्या, तर बसवणी, वेग किंवा सॉकेट यांपैकी काहीतरी आहे. दोन स्टिक असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. पहिल्यांदा मशीन जोडणारे त्या शेजारी-शेजारी लावतात, कारण तसं बघायला बरं वाटतं.

बसवण्याबद्दल जरा सविस्तर. आजकालच्या बऱ्याच बोर्डांवर रॅमच्या स्लॉटला खटका एकाच बाजूला असतो. त्या बाजूचा 'टक्' आवाज ऐकून आपण हात काढतो आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. स्टिक बसवल्यावर डोळे बोर्डाच्या पातळीला आण आणि सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखी आत गेली आहे का ते बघ. स्टिक नेहमी कडेला धर. पावसाळ्यात आपल्याकडे हाताला सतत घाम असतो, आणि घामाचं बोट त्या पट्टीवर लागलं की डाग राहतो. खोडरबरानं घासायची पद्धत दुकानांत अजून आहे. त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात, म्हणून मी ती वापरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घे, पूर्ण वाळू दे, मग लाव.

सॉकेटचंही तसंच. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटात असतात, आणि कूलर एका कोपऱ्यात जास्त आवळला गेला की त्या पिनांवरचा दाब विषम होतो. त्यानं अख्खं मेमरी चॅनेल गायब होऊ शकतं. बायोसमध्ये ३२ ऐवजी १६ जीबी दिसलं कधी? तसं असेल तर कूलर काढ, पेस्ट पुसून नवी लाव आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू आळीपाळीनं, प्रत्येकाला थोडे थोडे फेरे देत आवळ. कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा कागद काढला होतास ना, हेही तेव्हाच बघ.

हे सगळं चालू असताना विंडोजला वगळून बघण्याची एक सोपी परीक्षा आहे. उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनव, त्यावरून बूट कर, एसएसडीवर काहीही न टाकता दोन-तीन तास व्हिडिओ चालव, ब्राउझरचे वीस टॅब उघड. तिथेही मशीन गोठलं तर विंडोजचा आणि एसएसडीचा संबंध जवळजवळ संपला. दुकानदाराशी वाद घालताना यासारखा पुरावा नाही.

आता तुझ्या दुसऱ्या तक्रारीकडे: काहीच न दाखवता रिस्टार्ट होणं. हेही रॅममुळे होऊ शकतं, पण ते वेगळं दुखणं असण्याची शक्यता मी मोकळी ठेवीन. एकाच मशीनला दोन आजार असू शकतात, आणि सगळं एकाच कारणावर ढकलण्याच्या नादात दिवस वाया जातात.

तुझा प्रोसेसर जेमतेम ८८ वॅटपर्यंत जातो, त्यामुळे ६५० वॅट पुरेसे आहेत. वॅट मोजण्याआधी वायरी बघ. प्रोसेसरची ८ पिनची वायर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात शेवटपर्यंत बसली आहे का? २४ पिनचा कनेक्टर दोन्ही टोकांना सारखा आत आहे का? ग्राफिक्स कार्डाला दोन जागा असतील तर एसएमपीएसकडून दोन स्वतंत्र वायरी घे, एकाच वायरीचं दुसरं तोंड लावू नकोस. आणि मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसला मित्राकडची जुनी वायर कधीही लावायची नाही. तोंड तेच दिसलं तरी आतली पिनांची रचना कंपनीगणिक बदलते. त्यात एसएसडी आणि बोर्ड जळतात.

मग भिंतीकडे बघ. कोपरीत एका जुन्या इमारतीत असंच एक मशीन बघायला गेलो होतो. संध्याकाळीच रिस्टार्ट व्हायचं, बगचेककोड शून्य. रॅम पास, तापमान नॉर्मल. टेबलामागचा एक्स्टेन्शन बोर्ड हातात घेतला तर एसएमपीएसच्या प्लगची एक पिन कोमट लागली आणि तिच्या बुडाशी काळा डाग होता. बोर्डाच्या आतली पितळी पट्टी सैल झाली होती. संध्याकाळी त्याच बोर्डावर इस्त्री लागली की पट्टीवरचं व्होल्टेज क्षणभर कोसळायचं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद वीज नसली तरी तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे एक आवर्तन चुकलं की मशीन गेलं, आणि तेवढ्या वेळात ट्यूबलाइट लुकलुकल्याचंही कुणाच्या लक्षात येत नाही. तू काही दिवस मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवून बघ. सोसायटीचा पाण्याचा पंप किंवा लिफ्ट सुरू होण्याची वेळ तुझ्या कागदावरच्या वेळांशी जुळते का, तेही बघ.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर निम्म्या मेन्सइतकं, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. मल्टिमीटरवर फेज ते अर्थ हे माप फेज ते न्यूट्रलइतकंच यायला हवं आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या आसपास. हे माप तू घेऊ नकोस, इलेक्ट्रिशियनला बोलाव. नुसत्या अर्थिंगमुळे ब्लू स्क्रीन येतात असं मी म्हणणार नाही. पण यूएसबीची उपकरणं तुटणं आणि स्पर्शासरशी रिसेट होणं मी त्यामुळे पाहिलं आहे. आणि क्रॅशपेक्षा तुझा जीव मोठा आहे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावलेला असेल तर आजच काढ. यूपीएस किंवा घरचा इन्व्हर्टर मध्ये असेल तर तो काही दिवस वगळ. काही स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत खेचणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसला पचत नाही.

तापमानाचा बाऊ करू नकोस. रायझन ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचल्यावर तो आधी वेग कमी करतो, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद होतं. उन्हाळ्यात एसीशिवाय ८० च्या आसपास आकडा दिसला तर तो क्रॅशचं कारण नव्हे.

एसएसडीसाठी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रमांक १२९ ची 'रिसेट टू डिव्हाइस' अशी नोंद शोध. ती वारंवार असेल तर एसएसडी काढून पुन्हा बसव, तिच्या हीटसिंकखालच्या थर्मल पॅडचा कागद काढ आणि फर्मवेअर अपडेट कर. ग्राफिक्स कार्डाचा संशय 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' पुन्हा पुन्हा आला तरच घ्यायचा. तू पाठवलेल्या यादीत तो एकदाही नाही, म्हणून कार्ड बदलून मागण्यात अर्थ दिसत नाही.

अशीच लक्षणं असलेल्या पण इंटेलचा १३ वा किंवा १४ वा जनरेशन प्रोसेसर असलेल्यांनी हे वाचावं. त्या पिढ्यांतल्या ६५ वॅट आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे कायमची झीज होते हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं आणि ऑगस्ट-सप्टेंबरपासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले. ते बायोसमधून येतात. डब्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी आणखी २ वर्षं वाढवली. अपडेटनं पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. त्यामुळे गेममध्ये विनाकारण 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' येत असेल तर अपडेटवर समाधान मानू नका, प्रोसेसर बदलून मागा. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर जास्तच जपा.

शेवटी दुकान. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं असो वा वाशीतून, 'डबा उघडला की परत नाही' हे ऐकून परत येऊ नकोस. तू परत करायला जात नाहीस, वॉरंटीत बदलून मागायला जातोस. जीएसटीचं बिल, स्टिकवरचा सिरियल नंबर, मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि 'ही स्टिक ए२ मध्ये एकटी, बायोस डिफॉल्टवर नापास' असं लिहिलेला तो कागद घेऊन जा. एक्स्पो बंद होतं हे लिहिलेलं असलं की सेटिंगला दोष देता येत नाही. स्टिक जोडीनं घेतली असेल तर जोडीनंच परत दे, एकच बदलून दुसऱ्या बॅचची आणू नकोस. प्रोसेसर डब्यातला होता की ट्रेचा (म्हणजे डब्याशिवाय सुटा विकलेला) हेही बिलावर बघून ठेव. ट्रेच्या प्रोसेसरची वॉरंटी विकणाऱ्यावर असते, कंपनीवर नाही. दुकानदार दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. बाबांना सोबत घेऊन गेलास तर चांगलंच, पण बोलणं तू कर. मशीन तू जोडलं आहेस आणि कागदावर काय लिहिलंय ते तुलाच माहीत आहे.

नवी जोडी आली की तिच्यावरही आधी डिफॉल्टवर एक रात्र मेमटेस्ट चालव. पास झाली की एसएसडीवरची सगळी पार्टिशन पुसून विंडोज टाक, चिपसेटचा ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून घे, मग ग्राफिक्सचा. आठवडाभर काही झालं नाही तर एक्स्पो चालू कर आणि मेमटेस्ट आणखी एकदा.